एकाच कागदाच्या दोन बाजू : प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५

शेवटी ठरलं. पुस्तिका नाही, स्लाइड्स नाहीत. एकच मोठा कागद, दोन्ही बाजूंनी स्क्रीन प्रिंट (फ्रेमवर ताणलेल्या जाळीतून शाई दाबून) केलेला, घडी घालून हातात देता येईल असा. मजकूर मराठीत. विषय : सॅन फ्रान्सिस्को आणि ऑकलंडमधल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो चित्रकारांनी एकमेकांसाठी आणि एकमेकांबरोबर केलेलं काम, मुख्यतः १९६८ ते १९७४ या वर्षांतलं. पोस्टरं, वृत्तपत्रं, भिंती.

इथे 'ब्लॅक अँड ब्राऊन' असं एका दमात म्हणतात, तेव्हा ब्राऊन म्हणजे प्रामुख्याने मेक्सिकन आणि मध्य अमेरिकन मुळांची माणसं. आपण भारतीय त्यात बसतो की नाही, हा वाद आमच्या वाचनगटाच्या पहिल्याच बैठकीत निघाला आणि बराच वेळ चालला. मी तेव्हा मांडलेलं मत इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे मजकूर करताना हात सैल सुटणार नाही. या कागदावर आपण वाचक आहोत, नायक नाही.

मे महिन्यात गावातल्या वाचनालयाची एक भिंत मिळणार आहे. छपाई ऑकलंडमधल्या ज्या सामुदायिक स्टुडिओत मी शनिवारी जाते, तिथेच.

१८ जानेवारी

कागदाचा आकार सुचला तो एका जुन्या अंकामुळे.

१ मे १९६९. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात साध्या वेशातल्या दोन पोलिसांची काही तरुणांशी झटापट झाली. गोळी लागून एक पोलीस मेला, दुसरा जखमी झाला. मध्य अमेरिकेतून आलेल्या घरांतल्या सात मुलांवर आरोप ठेवला गेला. त्यांच्या बचावासाठी 'लोस सिएते दे ला रासा' (आपल्या लोकांतले सात) या नावाने समिती उभी राहिली आणि तिने 'बास्ता या!' नावाचं पत्र काढायचं ठरवलं. 'पुरे झालं!' असं ते नाव. पैसे नव्हते, अंक बांधायची सवय नव्हती, वाटणारे हात थोडे होते. खाडीपलीकडे ऑकलंडमध्ये ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या पक्षाकडे हे सगळं होतं. त्यांचं साप्ताहिक एप्रिल १९६७ पासून निघत होतं आणि भरात असताना दर अंकाच्या लाखावर प्रती खपत. पँथरांनी आपल्या पत्राची मागची बाजू देऊ केली. 'बास्ता या!'चे सुरुवातीचे अंक असे निघाले : एका बाजूने धरला तर पँथरांचं पत्र, उलटा केला तर मिशनमधल्या मुलांचं.

पँथरांचे वकील चार्ल्स गॅरी यांनी हाही खटला चालवला. नोव्हेंबर १९७०मध्ये सहा जण निर्दोष सुटले. सातवा पोलिसांच्या हाती कधी लागलाच नाही.

वृत्तपत्रात जागा देणं म्हणजे काय, हे ज्याने कधी छोटं मासिक चालवलंय त्याला विचारावं. पाठिंब्याचा ठराव करायला काही खर्च येत नाही. आपली पानं दुसऱ्याला दिली की आपला मजकूर कापावा लागतो.

म्हणून आमचा कागदही तसाच : ऑकलंडची एक बाजू, मिशनची एक बाजू, आणि दुसरी बाजू पहिलीच्या उलट्या दिशेने. वाचणाऱ्याने कागद फिरवायचा. पहिलं पान कुठलं, हे कुणीच सांगायचं नाही.

२५ जानेवारी

ऑकलंड म्युझियमकडे मायकेल रॉसमन यांनी जमवलेला राजकीय पोस्टरांचा संग्रह आहे, सुमारे २४ हजार पोस्टरं. त्यातली कितीतरी आता पडद्यावर बघता येतात. सकाळी बसले ती जेवायची वेळ टळेपर्यंत उठले नाही.

मूळ पोस्टरांची चित्रं आपल्या कागदावर छापायची नाहीत, हे आजच ठरवून टाकलं. ती त्या त्या चित्रकारांची आहेत, काही जण अजून काम करताहेत, आणि फुकट वाटायच्या कागदावरसुद्धा दुसऱ्याचं काम न विचारता उचलणं मला पटत नाही. चित्रांचं वर्णन शब्दांत करू. जी चित्रं छापू ती आमची असतील.

१ फेब्रुवारी

आजचा दिवस रूपर्ट गार्सिया यांचा.

कॅलिफोर्नियाच्या मधल्या शेतीच्या पट्ट्यातल्या मेक्सिकन-अमेरिकन घरात १९४१ साली जन्म. व्हिएतनाम युद्धाच्या काळात हवाई दलात नोकरी. परत आल्यावर सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात चित्रकलेचं शिक्षण. तिथे ६ नोव्हेंबर १९६८ला विद्यार्थ्यांचा संप सुरू झाला आणि मार्च १९६९पर्यंत चालला. जॉर्ज मरे हे पँथर पक्षाचे शिक्षणमंत्री तिथे इंग्रजी शिकवायचे, त्यांना निलंबित केलं, हे तात्कालिक कारण. ब्लॅक स्टुडंट्स युनियनच्या दहा मागण्या होत्या. लॅटिनो, आशियाई आणि मूळनिवासी विद्यार्थ्यांची आघाडी 'थर्ड वर्ल्ड लिबरेशन फ्रंट', तिच्या पाच. पंधरा मागण्या एकत्र मांडल्या गेल्या आणि त्यातून त्या कॉलेजात वांशिक अभ्यासाची स्वतंत्र शाखा उभी राहिली.

त्या संपातच चित्रकला विभागात पोस्टरं छापायचं काम सुरू झालं आणि गार्सिया तिथे सिल्कस्क्रीनला लागले. एरवी कॅनव्हासवर रंग चढवत बसणारा माणूस रात्री फ्रेम धरून बसतो आणि सकाळी पोस्टर भिंतीवर असतं. या घाईने त्यांची शैली घडवली असं मला वाटतं : छायाचित्रातला चेहरा घ्यायचा, बारकावे उडवायचे, सपाट रंगाचे दोन-तीन मोठे तुकडे ठेवायचे.

१९७१ सालचं त्यांचं कृष्णवर्णीय कार्यकर्त्या अँजेला डेव्हिस यांचं पोस्टर बराच वेळ बघत बसले. डेव्हिस ऑक्टोबर १९७०पासून तुरुंगात होत्या, फेब्रुवारी १९७२मध्ये जामिनावर बाहेर आल्या आणि जूनमध्ये निर्दोष सुटल्या. पोस्टरवर त्यांचा चेहरा आणि राजकीय कैद्यांच्या मुक्तीची मागणी. मागणी स्पॅनिशमध्ये. कृष्णवर्णीय बाईचा चेहरा, स्पॅनिश अक्षरं, बाकी काही नाही. हे पोस्टर तिच्या माणसांना उद्देशून नाहीच. गार्सिया आपल्या वस्तीला सांगताहेत की हा खटला आपलाही आहे. माझ्या मते या सगळ्या संग्रहातलं सगळ्यात कमी शब्दांत सगळ्यात जास्त बोलणारं हेच.

८ फेब्रुवारी

एमरी डग्लस. ऑकलंडच्या बाजूचा कणा.

जन्म १९४३, मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सचा. पोरवयात सुधारगृहात असताना तिथल्या छापखान्यात काम केलं, पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजात जाहिरातकला शिकले. पँथर पक्षात त्यांचं पद 'संस्कृतिमंत्री'. साप्ताहिकाची मांडणी आणि मागच्या पानावरचं मोठं चित्र त्यांच्याकडे.

त्यांचं काम छपाईवाल्याच्या नजरेने बघितलं की वेगळंच दिसतं. काळ्याखेरीज बहुतेक वेळा एकच जादा रंग परवडायचा. मग राखाडी छटा आणायच्या कशा? बाजारात मिळणाऱ्या ठिपक्यांच्या आणि रेघांच्या तयार चिकटपट्ट्या कापून लावायच्या. आणि त्या जाड काळ्या बाह्यरेषा. बघणाऱ्याला त्या लाकूडठशासारख्या ठसठशीत वाटतात. छापणाऱ्याला कळतं की रेष जाड असली की रंग थोडा सरकला तरी तिच्याखाली लपतो. गरिबीतून शैली आली असं कुणी म्हटलं की मला ते उगाच गोड केल्यासारखं वाटतं, पण इथे ते अक्षरशः खरं आहे.

पोलिसाला डुक्कर म्हणून रंगवायचं रूढ केलं ते डग्लस यांनी. बंदूक घेतलेल्या आया, उंदरांनी भरलेली घरं, सकाळचा मोफत नाश्ता खाणारी मुलं, सगळं त्यांनी काढलं. गटात आज प्रश्न आला : बंदुकांचा उल्लेख ठेवायचा का? वाचनालयात मुलंही येणार. मी ठेवायच्या बाजूची. नाश्त्याची चित्रं तेवढी दाखवून पँथरांना समाजसेवक करून टाकणं हा त्यांच्यावर केलेला उपकार नाही. मतं विभागली, शेवटी ठेवायचं ठरलं.

आणि दोन्ही बाजू जिथे जोडल्या जातात तो मुद्दा. 'बास्ता या!'ची मांडणी करणाऱ्यांत योलांडा लोपेझ होत्या, सान दिएगोहून आलेल्या, तेव्हा पंचविशी ओलांडलेल्या. पत्राचं पान कसं बांधायचं, कापून चिकटवून मजकूर आणि चित्र कसं बसवायचं, हे त्या डग्लस यांच्याकडून शिकल्या. त्या सात मुलांसाठी लोपेझ यांनी केलेलं १९६९चं चित्र : अमेरिकेच्या झेंड्याचे पट्टे तुरुंगाचे गज झालेत आणि गजांमागे चेहरे आहेत. पुढे स्वतःला, आईला आणि आजीला ग्वादालुपेच्या माउलीच्या, म्हणजे मेक्सिकोत पूजल्या जाणाऱ्या मेरीच्या रूपात रंगवून त्या गाजल्या, पण मला हे आधीचं काम जास्त जवळचं. २०२१मध्ये त्या गेल्या.

१५ फेब्रुवारी

कागद घेतला. वृत्तपत्राच्या कागदापेक्षा थोडा जाड, पिवळसर, १८ बाय २४ इंच. दोन्ही बाजूंनी छापायचं तर पारदर्शकपणा चालणार नाही. शाई पाण्याची. दोनच रंग : काळा आणि विटकरी लाल.

२२ फेब्रुवारी

मिशनमध्ये पायी. बरोबर वाचनगटातले दोघं आणि स्टुडिओत स्क्रीन धुवायला शिकवणाऱ्या बाई. त्यांचं लहानपण याच भागात गेलंय. घर सोडावं लागलं ते भाडं वाढल्यामुळे, आणि भाडं वाढलं ते आमच्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांमुळे. हे त्यांनी रागाने सांगितलं नाही. रस्ता दाखवता दाखवता सांगितलं.

बाल्मी अ‍ॅलीत गर्दी होती. १९८४मध्ये रे पातलान यांच्या पुढाकाराने या गल्लीत मध्य अमेरिकेतल्या युद्धांविरुद्ध भिंती रंगवल्या गेल्या. आता काही जुन्या, काही नव्या. इथे फार थांबलो नाही.

थांबलो ते १८व्या रस्त्यावर, विमेन्स बिल्डिंगसमोर. 'मायस्ट्रापीस', १९९४. आमच्या कालखंडाच्या बरीच बाहेरची भिंत, पण ती गाळणं शक्यच नाही. चार मजली इमारतीच्या दोन बाजू पूर्ण रंगवलेल्या. काम करणाऱ्या सात जणी : हुआना अलिसिया, मिरांडा बर्गमन, एडिथ बून, सुझन केल्क सर्व्हांतेस, मीरा देसाई, इव्हॉन लिटलटन, इरेन पेरेझ. कृष्णवर्णीय, लॅटिना, गोऱ्या, आणि आपल्या नावाची एक. यातल्या कुणाचा भाग कुठला हे बघून सांगता येत नाही. रेखाटन सगळ्यांनी मिळून केलं आणि त्यांच्या हाताखाली कितीतरी जणींनी रंग भरला. ग्वाटेमालाच्या रिगोबेर्ता मेंचू आहेत, कवयित्री ऑड्री लॉर्ड आहेत, योरुबांची समुद्रदेवी येमाया आहे, अझ्टेकांची चंद्रदेवी कोयोलशाउकी आहे. आणि सगळ्या आकृत्यांमधून वळत जाणारं, जगभरच्या नक्षीचं कापड. त्यावर स्त्रियांची नावं लिहिलेली.

बाईंनी एक गोष्ट दाखवली ती मला एकटीला दिसली नसती. भिंतीत खिडक्या आहेत, बऱ्याच आहेत. चित्र त्यांना टाळून जात नाही. खिडकी जिथे येते तिथे कापडाची घडी बसवलेली आहे. म्हणजे आधी इमारत मोजली, मग चित्र रचलं.

मीरा देसाई हे नाव बघून आमच्यातले एकजण हरखले आणि मथळ्यातच घालू म्हणाले. ११ जानेवारीची नोंद वाचून दाखवली.

१ मार्च

चित्रांबद्दल बैठक. कच्च्या आराखड्यात घडीच्या बरोबर मधोमध दोन हात, एक काळा, एक तपकिरी, एकमेकांत गुंफलेले. गटातल्या एका मुलीने छान काढले होते. मी विरोध केला आणि थोडा वेळ वातावरण तापलं.

माझं म्हणणं असं. या विषयावर आजवर जे बघितलं त्यात हातात हात असलेली चित्रं ढिगाने आहेत आणि एकही लक्षात राहत नाही. लक्षात राहतं ते वेगळं : उलट्या बाजूला छापलेला अंक, स्पॅनिश अक्षरांवरचा अँजेलाचा चेहरा, सात जणींची एक भिंत. यातल्या एकातही कुणी कुणाचा हात धरलेला नाही. त्यांनी एकमेकांची साधनं वापरली, एकमेकांच्या जागा घेतल्या. सोबत आधी कामात झाली. हात काढले की ती झालीच असं वाटून माणूस मोकळा होतो.

ती म्हणाली, "मग काढू काय? रिकामी फ्रेम?"

तिने हे वैतागून म्हटलं होतं, पण तेच ठरलं. ऑकलंडच्या बाजूला कात्री, पट्टी आणि ठिपक्यांची चिकटपट्टी. मिशनच्या बाजूला स्क्रीनची फ्रेम आणि शाई ओढायची स्क्वीजी. चित्रं तीच काढणार, हातांपेक्षा ही साधनं ती चांगली काढते.

८ मार्च

बाबांशी फोन. ते औरंगाबादला एका छोट्या छापखान्यात कंपोझिटर होते, खिळे जुळवण्यात आयुष्य गेलं. मी त्यांना कागदाची कल्पना सांगितली तर लगेच म्हणाले, "म्हणजे वर्क अँड टर्न नाही, एकाच फॉर्म्याने दोन्ही बाजू नाही, दोन वेगळे फॉर्मे. उलटा लावताना डोकं कुठे, पाय कुठे, ते आधी कोऱ्या कागदावर घडी घालून बघ." बघितलं. उपयोग झाला.

मग विषय निघाला तो दलित पँथरचा. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी संघटना काढली आणि नाव घेतलं ते ऑकलंडच्या पँथरांचं. ब्लॅक पँथरांच्या बातम्या मुंबईच्या तरुणांनी वाचल्या होत्या, आणि १९७३च्या जाहीरनाम्यात त्या चळवळीचा उल्लेख आहे. बाबा नामांतराच्या काळात पत्रकं जुळवायचे. मालक रात्री शटर अर्धं ओढून घ्यायचा. "मजकूर यायचा हातानं लिहिलेला, घाईतला. पण शब्द असे की खिळा उचलताना बोट थांबायचं," म्हणाले.

मी म्हटलं, "बाबा, हे कागदावर घेऊ का?"

"माझं नको घेऊस. फुल्यांचं घे."

बरोबर होतं त्यांचं. १८७३ सालच्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका जोतीरावांनी अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांच्या नावे लिहिली. आणि १९४६मध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना पत्र पाठवलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती, आणि डु बॉईस यांनी त्याच वर्षी उत्तरही दिलं. शंभर वर्षांचा हा धागा आहे. पण तो सरसकट 'आपण मराठी माणसांचा' नाही. तो फुले-आंबेडकरी चळवळीचा आहे, आणि ज्यांच्या आजोबांनी तो तोडायचा प्रयत्न केला त्यांनी इथे येऊन एकदम 'ब्राऊन' होणं मला सोसत नाही. २०२३मध्ये जातिभेदाविरुद्धचं विधेयक कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलं आणि गव्हर्नरांनी नाकारलं, तेव्हा आमच्याच ओळखीतली घरं दोन्ही बाजूंना उभी होती. वाचनगटात त्यावर अजूनही सगळे मोकळेपणाने बोलत नाहीत.

निर्णय : फुले, आंबेडकर-डु बॉईस, दलित पँथर यांचा एक लहान चौकोन. कोपऱ्यात, घडीच्या आत. मथळा साधा : 'आणि महाराष्ट्रात'.

२२ मार्च

१९६८च्या मागे जावंच लागलं. कारण कुठलाही धागा ओढला की मेक्सिको शहरातल्या एका कार्यशाळेपाशी जाऊन पोचतो : 'तायेर दे ग्राफिका पोपुलार', स्थापना १९३७, लिओपोल्डो मेंदेझ आणि त्यांचे साथीदार. स्वस्त लिनोलियम, स्वस्त कागद, संघटनांसाठी पत्रकं आणि पोस्टरं. चित्र एकाने काढलं तरी सगळ्यांसमोर मांडायचं, सगळ्यांनी बोलायचं, मग छापायचं.

१९४६मध्ये आफ्रिकन-अमेरिकन चित्रकार एलिझाबेथ कॅटलेट शिष्यवृत्तीवर तिथे गेल्या. वॉशिंग्टनमध्ये १९१५ साली जन्मलेल्या, आजी-आजोबा गुलामीत जन्मलेले. त्या कार्यशाळेत त्यांनी कृष्णवर्णीय स्त्रीच्या आयुष्यावर १५ लिनोकट (लिनोलियम कोरून छापलेली चित्रं) केले : शेतातली, घरकाम करणारी, गाणारी, वेगळ्या बाकावर बसवलेली. अमेरिकेतल्या काळ्या बाईची ही चित्रं मेक्सिकन छापयंत्रावर, मेक्सिकन सहकाऱ्यांच्या टीकेतून तावूनसुलाखून निघाली. १९४७मध्ये कार्यशाळेतल्याच फ्रान्सिस्को मोरा यांच्याशी लग्न, १९६२मध्ये मेक्सिकोचं नागरिकत्व. मग अमेरिकेने त्यांना 'नकोशी परदेशी' ठरवलं. १९७० साली इलिनॉयमध्ये कृष्णवर्णीय कलावंतांची परिषद भरली तेव्हा व्हिसा नाही म्हणून त्यांनी फोनवरून भाषण केलं. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या प्रदर्शनासाठी १९७१मध्ये येता आलं.

१९७२मध्ये त्यांनीही अँजेला डेव्हिस यांचं चित्र छापलं, 'अँजेला लिब्रे'. नाव स्पॅनिशच. म्हणजे एकाच बाईचा चेहरा वर्षभराच्या अंतराने एक मेक्सिकन-अमेरिकन पुरुष सॅन फ्रान्सिस्कोत छापतो आणि एक आफ्रिकन-अमेरिकन बाई मेक्सिकोत छापते. या दोन ओळी मी घडीवरच ठेवणार आहे, एक या बाजूने वाचता येईल आणि एक त्या.

५ एप्रिल

चित्रकार डुई क्रम्पलर यांच्यावरचा मजकूर कापून निम्मा केला, जीव होत नव्हता तरी. गोष्ट अशी : सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज वॉशिंग्टन हायस्कुलात १९३६ची व्हिक्टर आर्नाटॉफ यांची भित्तिचित्रं आहेत. त्यात गुलाम आणि मारलेला मूळनिवासी दिसतो. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी साठच्या दशकाच्या शेवटी आक्षेप घेतला. उत्तरादाखल चित्रं करायला तरुण क्रम्पलर यांना बोलावलं. ते मेक्सिकोला जाऊन भित्तिचित्रण शिकून आले आणि १९७४मध्ये पूर्ण केलेल्या फलकांत कृष्णवर्णीयांबरोबर लॅटिनो, मूळनिवासी आणि आशियाई लोकांनाही जागा दिली. २०१९मध्ये आर्नाटॉफची चित्रं रंगवून टाकायचा घाट घातला गेला, तेव्हा विरोध करणाऱ्यांत क्रम्पलरही होते. त्यांचं चित्र त्या चित्राला उत्तर आहे, प्रश्नच पुसला तर उत्तर लटकतं.

१२ एप्रिल

अक्षरं. फॉन्ट वापरायचा नाही. मथळे काळा कागद कापून केले, लोपेझ आणि डग्लस यांच्या पत्रासारखे. देवनागरीला शिरोरेषा असल्याने कापलेला शब्द एकसंध उचलता येतो, रोमन अक्षरांसारखी एकेक चिकटवावी लागत नाहीत. जोडाक्षरांची पोकळी मात्र शाईने भरते, म्हणून 'राष्ट्र'मधला 'ष्ट्र' फुगवून कापला. बारीक मजकुरासाठी २३० मेशची जाळी.

प्रूफ बाबांना पाठवलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणांनी पान लाल करून परत आलं, खाली 'लोस सिएते' दोन ठिकाणी दोन तऱ्हेने लिहिलंय ही टीप.

२६ एप्रिल

ऑकलंडची बाजू छापून झाली. आधी लाल, वर काळा. काळ्या रेषा जाड ठेवल्या आहेत, कशासाठी ते ८ फेब्रुवारीला लिहिलंय. दीडशे प्रती वाळत लावल्या. रॅक भरला म्हणून दोरी बांधली.

शेजारच्या टेबलावर दोघं फ्रूटव्हेलच्या एका मिरवणुकीसाठी पोस्टर छापत होते. फ्रूटव्हेल लॅटिनो वस्ती. तिथल्याच रेल्वे स्थानकावर १ जानेवारी २००९ला २२ वर्षांच्या ऑस्कर ग्रँटला रेल्वेच्या पोलिसाने गोळी घातली. त्या वर्षी त्याचा चेहरा ऑकलंडभर पोस्टरांवर होता, आणि ती छापणाऱ्यांत चिकानो, म्हणजे मेक्सिकन-अमेरिकन, चित्रकार बरेच होते. त्यांची काळी शाई संपली, आमची दिली. आम्हाला त्यांनी टेबलाचे क्लॅम्प दिले.

३ मे

मिशनची बाजू. कागद उलटा लावताना प्रत्येक वेळी दोघींनी तपासायचं असं ठरवलं होतं, तसंच केलं. घडीवरच्या दोन ओळी मागेपुढे बरोबर आल्या.

१७ मे

भिंतीवर कागद लावताना पेच होता : लावला की एकच बाजू दिसते. म्हणून छतापासून दोऱ्यांनी टांगले, भिंतीपासून हातभर पुढे, निम्मे या बाजूने, निम्मे त्या बाजूने. लोकांना वळसा घालावा लागतो.

माणसं बरी आली. एका काकांनी आल्या आल्या विचारलं, "हे बंदूकवाले पँथर मुलांना कशाला दाखवायचे?" मी त्यांना नाश्त्याचा परिच्छेद दाखवला नाही, तो सोपा मार्ग होता. एफबीआय त्या पक्षाच्या मागे कशी लागली होती आणि १९६९च्या डिसेंबरात शिकागोत २१ वर्षांच्या फ्रेड हॅम्प्टन या पँथर नेत्याला पोलिसांनी घरात घुसून कसं मारलं, ते सांगितलं. पोर्तो रिकन 'यंग लॉर्ड्स' आणि गरीब गोऱ्यांची 'यंग पेट्रियट्स' यांना बरोबर घेऊन त्याने आघाडी उभी केली होती, त्याच वर्षी. काकांचं समाधान झालं नाही. कागद मात्र दोन घेऊन गेले.

वाचनालयातल्या एक साल्वाडोरच्या कर्मचारी बाई मराठी येत नसताना 'लोस सिएते'वर बोट ठेवून उभ्या होत्या. मी त्यांना इंग्रजीत वाचून दाखवायला लागले तर म्हणाल्या, ही गोष्ट मला ठाऊक आहे, तुम्ही तुमच्या भाषेत कशी लिहिली आहे तेवढं ऐकवा. ऐकवली.

२४ मे

प्रती संपत आल्या. औरंगाबादला वीस पाठवायच्या आहेत, बाबांनी यादी दिली आहे. दुसरी छपाई जुलैत. बदल : इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये अर्ध्या पानाचा सारांश हवा, त्यासाठी 'आणि महाराष्ट्रात'चा चौकोन आणखी लहान करावा लागेल. गटात यावर एकमत नाही. स्पॅनिश मजकूर स्टुडिओतल्या बाई लिहिणार आहेत, पण त्यांची अट आहे की भाडेवाढीबद्दलही दोन ओळी जातील. शाई : काळी दोन डबे, लाल एक.